दूरच्या स्फोटांवर किती विसंबावे?

विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होते आहे, या निष्कर्षाला २०११ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि तेव्हापासून तो वादाच्या पलीकडे गेला, अशी एक समजूत आहे. उलट, तारे नेमके कसे फुटतात हेच ज्यांना नीट सांगता येत नाही त्यांनी त्या ताऱ्यांच्या भरवशावर सगळ्या विश्वाचा इतिहास मांडावा हा आगाऊपणा आहे, असे म्हणणारेही आहेत. या दोन्ही टोकांची थोडी झाडाझडती घ्यायला हवी. सुपरनोव्हांच्या, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांच्या, पुराव्याचे बळ ते तारे किती तेजस्वी आहेत हे आपल्याला ठाऊक असण्यात नाही. जवळच्या स्फोटांची दूरच्या स्फोटांशी केलेली तुलना, हे त्याचे बळ आहे. म्हणून जे निष्कर्ष निव्वळ तुलनेतून निघतात ते भक्कम आहेत, आणि ज्यांना तुलनेपलीकडचे काही लागते ते तितके भक्कम नाहीत. वर्तमानपत्री बातम्यांत हे दोन्ही एकाच दमात सांगितले जातात, त्यामुळे वाचक एकतर सगळेच मानतो किंवा सगळेच झिडकारतो.

मूळ अडचण अंतराची आहे. दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्या बाजूला किती सरकल्या, म्हणजे तिची ताम्रसृती किती, हे चांगल्या दुर्बिणीतून एका रात्रीत मोजता येते. प्रकाश तिथून निघाल्यापासून विश्व किती पट ताणले गेले एवढे ती अचूक सांगते. प्रकाश किती काळापूर्वी निघाला याबद्दल मात्र काही सांगत नाही. ते कळायचे तर अंतर हवे, आणि अंतरासाठी ज्याचे मूळ तेज ठरलेले आहे असा एखादा प्रकाशस्रोत हवा. मग तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येते. या दोन मोजमापांची सांगड घातली की प्रसरणाचा इतिहास हाती येतो. पूर्वी प्रसरण वेगात होते आणि मग मंदावत गेले असेल, तर तेवढाच ताण पडायला कमी काळ लागला असेल, प्रकाशाला कमी प्रवास घडला असेल आणि स्फोट थोडा ठळक दिसेल. पूर्वी प्रसरण आजच्यापेक्षा धीमे असेल, तर प्रवास लांबलेला असेल आणि स्फोट अधिक मंद दिसेल. सगळा वाद या 'थोडा ठळक' आणि 'थोडा मंद' यांच्यात आहे, आणि तो फरक तेजाच्या एक-चतुर्थांशाएवढा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ सगळ्यांनी धरून चालले होते की प्रसरण मंदावतच असणार. गुरुत्वाकर्षण खेचते, ढकलत नाही. तेव्हा मंदावण्याचा दर किती एवढाच प्रश्न उरतो, आणि ॲलन सँडेज यांच्यासारख्या निरीक्षकांनी त्यासाठी उमेदीची वर्षे घातली. दीर्घिकाच मापदंड म्हणून वापरायचा हा प्रयत्न फसला, कारण दीर्घिका काळाबरोबर बदलतात. त्यांतले तारे म्हातारे होतात, त्या एकमेकींना गिळतात. प्रसरणाचा वेग वाढत असायला हवा असे त्या काळात स्पष्ट सांगणारा एक सिद्धान्त होता, तो म्हणजे हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांचा १९४८ सालचा स्थिर स्थिती सिद्धान्त. तो वेगळ्याच कारणांनी मागे पडला. नावडत्या सिद्धान्ताचे एखादे भाकीत खरे ठरले की त्याची आठवण सहसा कोणी काढत नाही.

ज्या स्फोटांनी हे कोडे सोडवले त्यांना 'वन-ए' प्रकारचे सुपरनोव्हा म्हणतात. इंधन संपलेल्या, सूर्याएवढे द्रव्य पृथ्वीएवढ्या आकारात दाबून बसलेल्या श्वेतखुज्या ताऱ्याचा हा स्फोट असतो. असा तारा किती जड होऊ शकतो याला मर्यादा आहे, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० साली इंग्लंडला जाताना बोटीवर केलेल्या गणितातून पुढे आले. ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. जोडीदार ताऱ्याकडून द्रव्य ओढून किंवा दुसऱ्या श्वेतखुज्याशी मिसळून हा तारा अस्थिर होतो, त्यातला कार्बन आणि ऑक्सिजन काही सेकंदांत पेटतो आणि तारा उरतच नाही. स्फोटात सूर्याच्या निम्म्याहून थोडे अधिक वस्तुमानाचे किरणोत्सारी निकेल तयार होते. त्या निकेलचे कोबाल्ट होते, कोबाल्टचे लोखंड होते, आणि या ऱ्हासातून सुटणारी ऊर्जा आपल्याला प्रकाश म्हणून दिसते. सुमारे १९ दिवसांत तेज शिखराला पोचते. त्या वेळी हा एकटा तारा काही अब्ज सूर्यांइतका झळकत असतो. टायको ब्राहेने १५७२ साली पाहिलेला 'नवा तारा' याच जातीचा होता. त्या स्फोटाचा धुळीवरून परावर्तित होऊन उशिरा पोचलेला प्रकाश २००८ साली पकडून त्याचा वर्णपट घेण्यात आला, तेव्हा याची खात्री पटली.

ठरलेली वस्तुमानमर्यादा म्हणजे ठरलेला स्फोट, म्हणजे ठरलेले तेज, असा सोपा हिशेब पुष्कळ ठिकाणी दिलेला आढळतो. तो बरोबर नाही, आणि त्याच्यावर इमारत उभी असती तर ती केव्हाच कोसळली असती. १९९१ या एकाच वर्षी दोन 'वन-ए' सुपरनोव्हा दिसले: एक नेहमीपेक्षा उजळ, तर दुसरा निळ्या प्रकाशात जवळजवळ दहापट मंद. मापदंडच लांब-आखूड निघाला. यातून वाट काढली ती चिलीत काम करणाऱ्या निरीक्षकांनी. मार्क फिलिप्स यांनी १९९३ साली अवघ्या ९ स्फोटांच्या आधारे दाखवले की जो सुपरनोव्हा जास्त तेजस्वी तो सावकाश विझतो आणि जो मंद तो झटपट विझतो. शिखरानंतरच्या १५ दिवसांत तेज किती उतरले ते मोजा, त्यावरून शिखराचे तेज दुरुस्त करून घ्या. यामागे कारणही आहे: निकेल जास्त तर तेज जास्त, शिवाय तापलेले द्रव्य अधिक अपारदर्शक राहते आणि प्रकाश बाहेर पडायला वेळ लागतो. पण ९ उदाहरणांवर कोण विसंबणार? मारियो हामुय, होसे माझा, निकोलस संट्झेफ आणि फिलिप्स यांच्या १९९० पासून चालू असलेल्या कालान-तोलोलो सर्वेक्षणाने ही कसर भरून काढली. सेरो तोलोलोच्या डोंगरावर काचेच्या फोटोपट्ट्या घ्यायच्या, त्या सांतियागोला पाठवायच्या आणि तिथे डोळ्यांत तेल घालून जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहायच्या, असे ते काम. त्यातून २९ सुपरनोव्हांची नीट मोजलेली मालिका मिळाली. तेजाची आणि रंगाची दुरुस्ती केल्यावर एकेका स्फोटाचे अंतर सुमारे ७-८ टक्क्यांच्या आत ठरवता येऊ लागले. नोबेल मिळवणाऱ्या दोन्ही गटांनी जवळचे टोक म्हणून प्रामुख्याने हीच मालिका वापरली. तिच्यावाचून दूरचे एकही मोजमाप बोलके झाले नसते. तरी या चौघांची नावे सर्वसाधारण वाचकाच्या कानावर फारशी येत नाहीत, हे मला अन्यायाचे वाटते.

दूरचे टोक गाठणे त्याहून अवघड होते. एका दीर्घिकेत असा स्फोट काही शतकांतून एकदा होतो, तो कुठे होणार ते आधी सांगता येत नाही आणि काही आठवड्यांत मावळतो. मोठ्या दुर्बिणींचा वेळ मात्र सहा-सहा महिने आधी मागावा लागतो, आणि 'बहुधा काहीतरी फुटेल' या कारणावर तो कोणी देत नाही. ला सिया वेधशाळेत डॅनिश गटाने १९८०च्या दशकात सुमारे दोन वर्षे शोध घेतला. हाती एकच दूरचा 'वन-ए' लागला, तोही शिखर ओलांडून गेलेला. बर्कलीच्या सॉल पर्लमटर यांच्या गटाने पंचांगाचा आधार घेऊन हे कोडे सोडवले. अमावास्येनंतर लगेच, आकाश काळेकुट्ट असताना, हजारो दीर्घिका मावतील असे पट्टे टिपायचे. तीन आठवड्यांनी, पुढच्या अमावास्येच्या तोंडावर, तेच पट्टे पुन्हा टिपायचे आणि संगणकावर एका चित्रातून दुसरे वजा करायचे. दीर्घिका पुसल्या जातात. मधल्या काळात जे नवे उजळले तेवढे ठिपके उरतात. त्यांतले काही लघुग्रह असतात, काही कॅमेऱ्याचे दोष, काही कृष्णविवरांजवळच्या तेजाचे चढउतार. तीन आठवडेच गेलेले असल्याने खरे सुपरनोव्हा अजून चढत असतात किंवा शिखराजवळ असतात, आणि पुढचा काळोखी पंधरवडा त्यांच्या पाठलागासाठी मोकळा असतो. त्यामुळे हवाईतल्या केक दुर्बिणीवर वर्णपटासाठी रात्री आधीच राखून ठेवता येऊ लागल्या. ठिपक्याच्या वर्णपटात सिलिकॉनची ओळखीची खोबण दिसली आणि हायड्रोजनचा मागमूस नसला, की तो 'वन-ए'. ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांच्या गटानेही १९९४ पासून साधारण हीच पद्धत उचलली.

पर्लमटर यांच्या गटाने १९९७ साली पहिल्या ७ सुपरनोव्हांवरून जो निष्कर्ष छापला तो मंदावणाऱ्या, द्रव्याने भरलेल्या विश्वाकडे झुकणारा होता. म्हणजे ही मंडळी प्रवेग शोधायला निघालीच नव्हती. आकडे वाढले तसे चित्र उलटले. रीस यांच्या गणितात तर विश्वातल्या द्रव्याचे वस्तुमान ऋण येऊ लागले, म्हणजे गृहीतच चुकले होते. १९९८ साली श्मिट-रीस गटाने १६ दूरच्या आणि ३४ जवळच्या सुपरनोव्हांवरून, आणि पाठोपाठ पर्लमटर गटाने ४२ दूरच्या सुपरनोव्हांवरून, एकच गोष्ट सांगितली: द्रव्य विरळ असलेल्या विश्वात हे स्फोट जितक्या अंतरावर असायला हवेत त्यापेक्षाही ते १० ते १५ टक्के अधिक दूर आहेत. आइन्स्टाइनने १९१७ साली समीकरणात घातलेला आणि पुढे काढून टाकलेला वैश्विक स्थिरांक अडगळीतून बाहेर आला, आणि जे काही हा प्रवेग घडवते त्याला 'डार्क एनर्जी' हे नाव पडले. ते नाव प्रश्नाला दिलेले आहे, उत्तराला नव्हे.

इथे पहिला आक्षेप येतो. श्वेतखुजा जोडीदाराकडून द्रव्य ओढून फुटतो, की दोन श्वेतखुजे एकमेकांवर आदळून, की चंद्रशेखर मर्यादेच्या आतच, यावर आजही एकमत नाही. २०११ साली एम-१०१ या दीर्घिकेत, २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवर, एक 'वन-ए' फुटल्यावर काही तासांतच सापडला. जुन्या छायाचित्रांत त्या जागी तांबडा राक्षसी तारा नव्हता. म्हणजे निदान त्या प्रसंगी तसा जोडीदार नव्हता. असा प्रत्येक शोध एखादी शक्यता बाद करतो, पण एकाच शक्यतेवर बोट ठेवत नाही. मग यंत्र माहीत नसताना मोजमाप कसे मानायचे? याचे उत्तर असे की प्रवेगाच्या निष्कर्षाला स्फोटाचे खरे तेज किती हे लागतच नाही. दुकानदाराचे वजन एक किलोऐवजी नऊशे ग्रॅमचे असले, तरी त्याच वजनाने तोललेल्या दोन पोत्यांपैकी कोणते किती पट जड हे बरोबरच कळते. जवळच्या आणि दूरच्या सुपरनोव्हांचे तेज सारख्याच प्रमाणात चुकीचे धरले असेल, तर ती चूक गुणोत्तरात नाहीशी होते. खुद्द प्रसरणाचा शोधही असाच टिकला. हबल यांनी १९२९ साली प्रसरणाचा दर काढला तो आजच्यापेक्षा सुमारे सातपट, दर मेगापार्सेक अंतराला सेकंदाला ५०० किलोमीटर; त्यावरून विश्वाचे वय पृथ्वीवरच्या खडकांपेक्षाही कमी भरत होते. अंतरे साफ चुकीची होती, पण एका दीर्घिकेच्या मानाने दुसरी किती दूर हे बऱ्यापैकी बरोबर होते. म्हणून दर पुढे पुन्हा पुन्हा बदलला, प्रसरण मात्र राहिले.

तेव्हा खरा प्रश्न दोन्ही टोकांना वापरलेले वजन एकच आहे का, हा आहे. वाटेत धूळ असेल तर दूरचा स्फोट विनाकारण मंद दिसेल. साधी धूळ निळा प्रकाश अधिक खाते, त्यामुळे स्फोट तांबूस दिसतो आणि रंगावरून तिचा हिशेब करता येतो. पण सगळे रंग सारखेच खाणारी धूळ असली तर? हा आक्षेप मराठी वाचकाच्या परिचयाच्या शास्त्रज्ञाने आग्रहाने मांडला. डॉ. जयंत नारळीकर, फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्या अर्धस्थिर स्थिती विश्वाच्या प्रतिकृतीत आंतरदीर्घिकीय अवकाशात धातूचे बारीक सुईसारखे कण मानलेले होते. मुळात ते मानले होते सगळ्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मतरंगांच्या पार्श्वभूमीच्या प्रारणाचा उगम समजावून देण्यासाठी. या कणांमुळे दूरचे सुपरनोव्हा मंद दिसतात, त्यासाठी डार्क एनर्जीची गरज नाही, असे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० आणि २००२ सालच्या निबंधांत मांडले. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांना ते पटले नाही, मुख्यतः पार्श्वभूमीच्या प्रारणातल्या चढउतारांचा नेमका नमुना महास्फोटाच्या चौकटीत अधिक सहज बसत असल्याने. तरीही पुण्याच्या 'आयुका' या संस्थेतून आलेला हा विरोध हटवादी म्हणून मोडीत काढणे योग्य नाही. करड्या धुळीचा प्रश्न कोणीतरी नेटाने लावून धरल्याखेरीज ती नाही हे दाखवण्याची गरज कोणाला वाटली असती?

ते काही अंशी दाखवले गेले ते १९९७ साली हबल दुर्बिणीने टिपलेल्या एका स्फोटामुळे. त्याची ताम्रसृती सुमारे १.७, म्हणजे हा प्रकाश विश्व आजच्या सुमारे ३७ टक्के आकाराचे असताना निघालेला. साध्या करड्या धुळीचा किंवा अंतराबरोबर एकाच दिशेने सरकत जाणाऱ्या कुठल्याही दोषाचा परिणाम अंतराबरोबर वाढतच जायला हवा, म्हणजे हा स्फोट आणखी मंद दिसायला हवा होता. २००१ साली रीस आणि सहकाऱ्यांनी विश्लेषण केले, तर तो अपेक्षेपेक्षा उजळ निघाला. त्या काळी द्रव्य दाट होते, गुरुत्वाकर्षणाचा जोर होता आणि प्रसरण खरोखरच मंदावत होते. प्रवेगाची पाळी नंतर, साधारण ५०० ते ६०० कोटी वर्षांपूर्वी आली. एका उदाहरणावर भर देणे बरे नव्हे, पण २००४ पर्यंत हबलने तशी आणखी उदाहरणे जमवली आणि चित्र तेच राहिले. मुळात प्रसरण होतच नाही, प्रकाशच वाटेत दमतो, हा जुना पर्यायही सुपरनोव्हांनीच निकालात काढला. प्रसरणात लांबी ताणली जाते तसा काळही ताणला जायला हवा, ताम्रसृती ०.५ असेल तर २० दिवसांची चढउतार आपल्याला ३० दिवसांत दिसायला हवी. ती तशीच दिसते. दमलेला प्रकाश तांबडा होईल, पण सावकाश विझणार नाही.

सांख्यिकीचे आक्षेप अधिक किचकट आहेत. ऑक्सफर्डच्या सुबीर सरकार आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ७४० सुपरनोव्हांच्या संचाचे निराळ्या रीतीने विश्लेषण केले आणि पुरावा समजतो तेवढा पक्का नसून सांख्यिकीतल्या खात्रीच्या मापाने जेमतेम ३ सिग्माचा आहे असे म्हटले. त्यावर उत्तर आले की जवळच्या आणि दूरच्या संचांत रंग आणि विझण्याचा वेग यांची वाटणी सारखीच धरणे चूक आहे, कारण दूरचे उजळ स्फोटच सहज नजरेस पडतात. ही निवड लक्षात घेतली की पुरावा पुन्हा बळावतो. दक्षिण कोरियाच्या योनसेई विद्यापीठातील गटाने २०२० साली ज्या दीर्घिकेत स्फोट झाला तिच्यातल्या ताऱ्यांच्या वयाकडे बोट दाखवले: तारे जितके तरुण, तितके दुरुस्तीनंतरचेही तेज कमी, आणि दूरच्या काळात तारे तरुणच असणार. या आक्षेपाला मी सर्वांत जास्त वजन देईन, कारण तो थेट तुलनेच्या मर्मावर बोट ठेवतो. दीर्घिकांना मापदंड करताना सँडेजना आडवी आली ती नेमकी हीच गोष्ट. इतरांनी तपासल्यावर वयाचा परिणाम प्रवेग पुसून टाकण्याइतका मोठा आढळला नाही. शिवाय पार्श्वभूमीचे प्रारण आणि दीर्घिकांच्या मांडणीत गोठलेल्या जुन्या ध्वनितरंगांच्या खुणा ही मोजमापे सुपरनोव्हांना स्पर्शही न करता डार्क एनर्जी मागतात. आज उद्या सगळे सुपरनोव्हा कागदावरून खोडले, तरी प्रवेग पूर्णपणे जात नाही.

हबल स्थिरांकाचे, म्हणजे प्रसरणाच्या आजच्या दराचे, तसे नाही. तो दर आकड्यात सांगायचा तर गुणोत्तर पुरत नाही. सुपरनोव्हाचे खरे तेज लागते, म्हणजे वजनावर सरकारी शिक्का लागतो. तो शिक्का मारायचा तर ज्या दीर्घिकेत 'वन-ए' फुटला तिचे अंतर दुसऱ्या मार्गाने कळायला हवे. त्यासाठी सेफीड तारे वापरतात. त्यांच्या तेज वाढण्या-घटण्याचा काळ आणि मूळ तेज यांचे नाते हेन्रिएटा लेव्हिट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधले. सेफीड वेगळे दिसण्याइतक्या जवळच्या दीर्घिकांत फारसे सुपरनोव्हा फुटत नाहीत. रीस यांच्या गटाच्या २०२२ सालच्या मोजणीत असे ३७ दीर्घिकांतले ४२ स्फोट होते, आणि उत्तर आले दर मेगापार्सेकला सेकंदाला ७३ किलोमीटर. प्लँक उपग्रहाने टिपलेल्या पार्श्वभूमीच्या प्रारणावरून, विश्वाची प्रमाणित प्रतिकृती धरून, येते ६७.४. वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने सेफीडऐवजी तांबडे राक्षसी तारे वापरून २०१९ साली ६९.८ हे मधलेच उत्तर काढले. जेम्स वेब दुर्बिणीने सेफीडांची मोजणी गर्दीमुळे बिघडलेली नाही हे दाखवले, तरी तफावत मिटली नाही. नवे भौतिकशास्त्र दार ठोठावते आहे की अंतरे मोजण्याच्या या शिडीची एखादी पायरी तिरकी आहे, यावर मी पैज लावणार नाही. पण 'हबल स्थिरांकच जुळत नाही, मग प्रवेग तरी कशावरून?' असे कोणी म्हणाले, तर त्याने दोन वेगळ्या जातीचे निष्कर्ष एकाच दावणीला बांधले आहेत एवढे नक्की.

सध्याचा वाद मात्र तुलनेच्याच आखाड्यात परतला आहे. डार्क एनर्जी सर्वकाळ सारखी राहिलेली नाही, ती क्षीण होत चालली आहे, असे संकेत २०२४ आणि २०२५ साली 'डेझी' या दीर्घिका-सर्वेक्षणाने दिले. ते संकेत किती ठळक हे त्यांच्या जोडीला सुपरनोव्हांचा कोणता संच घेतला यावर अवलंबून असते. 'डार्क एनर्जी सर्व्हे' या सर्वेक्षणाचा संच घेतल्यावर ते सर्वांत ठळक झाले, आणि केंब्रिजच्या जॉर्ज एफस्टाथ्यू यांनी नेमकी तिथेच शंका काढली: त्या संचात दूरचे सुमारे दीड हजार सुपरनोव्हा एकाच कॅमेऱ्याने टिपलेले आहेत, जवळचे मात्र अनेक जुन्या सर्वेक्षणांतून गोळा केलेले, दोहोंत ०.०४ प्रतीचा, म्हणजे तेजात सुमारे ४ टक्क्यांचा फरक राहिला असेल, तर बराचसा संकेत विरून जातो. सर्व्हेच्या गटाने फरकाची कारणे देऊन उत्तर दिले आहे. १९९८ साली २५ टक्क्यांचा फरक मोजायचा होता, तेव्हा ४ टक्क्यांच्या चुकीने काही बिघडत नव्हते. आता मोजायची गोष्टच तेवढी लहान आहे. म्हणून पुढची काही वर्षे दूरच्या स्फोटांइतकेच जवळच्या स्फोटांना महत्त्व येणार. पालोमारच्या झ्विकी सर्वेक्षणाने एकाच कॅमेऱ्याने टिपलेले साडेतीन हजारांहून अधिक जवळचे 'वन-ए' २०२५ साली प्रसिद्ध केले आहेत, आणि जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे दाखवणारी चिलीतली वेरा रुबिन वेधशाळा जवळचे आणि दूरचे दोन्ही एकाच आरशाखाली आणणार आहे.